मान हलवायची नाही

विहीर दोन घरांची होती आणि मोटारीच्या खोलीचं कुलूप एका घराचं. ते लागलं ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, खालच्या घराची टोमॅटोची झाडं फुलावर असताना.

विहीर खोदली होती दोघा सख्ख्या भावांनी. खालच्या घरचा भाऊ वारला. मागे त्याची बायको, मुलगा आणि सून. वरच्या घरच्या भावाला गाव पाठीमागे घुम्या म्हणायचं. कुणी काही मागितलं की तो मान आडवी हलवायचा, आणि विषय संपला. त्याची मान उभी हलताना पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"काका, निदान दिवसाआड तरी पाळी द्या," म्हणून पुतण्या सांगायला गेला, तेव्हा घुम्या अंगणात बसून विळ्याला धार लावत होता. त्यानं विळा उन्हात धरून पाहिला, मान आडवी हलवली आणि पुन्हा दगडावर घासायला लागला. त्याचा मुलगा दारातून म्हणाला, "मोटार आम्ही बसवली. पाणी पाहिजे तर बादलीनं काढा. विहिरीला काय आम्ही झाकण घातलंय?"

मग बादलीनं काढलं. सुनेचा नवरा दोर ओढायचा, सून वाहायची, सासू झाडांच्या बुंध्याशी ओतायची. नवऱ्याच्या तळहाताचे फोड फुटून पुन्हा फोड आले. जमीन पाणी गट्ट करायची आणि पुन्हा आ वासायची. टोमॅटो लागले, पण गोट्यांएवढेच राहिले. व्यापाऱ्यानं एक हातात घेऊन बघितला, परत ठेवला, आणि गाडीत बसला.

त्याच आठवड्यात दुकानदारानं बातमी दिली, की अँब्युलन्सवर माणसं पाहिजेत. आधी शिकवणार, मग कामावर घेणार. नवरा म्हणाला, "मी जातो." पण बारावी लागत होती, आणि घरात बारावी झालेली एकटी सूनच होती.

"अगं, रक्त बघून तुला चक्कर आली तर?" सासूनं विचारलं.

"आली तर आली. दवाखाना तिथेच आहे."

सासूला ते पटलं. नवऱ्याला पटायला एक रात्र गेली. वरच्या घरातून चुलत दिराचा आवाज कुंपणावरून आला, "पाणी मिळेना म्हणून लोकांची अंगं पुसायला निघाली." सून एसटीच्या थांब्याकडे चालत राहिली. कान मात्र तापले.

शिकवणी दवाखान्याच्या मागच्या लांब खोलीत होती. खोलीत चार पलंग, एक रबरी पुतळा आणि शिकवायला एक निवृत्त नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणायचे. ती बुटकी होती, आणि आवाज असा की पुतळाही उठून बसेल. विजार आणि शर्ट घालावा लागायचा. सून पहिल्या दिवशी शर्टाचं टोक सारखं खाली ओढत होती.

"ओढून ओढून त्याची साडी होणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "हात धुवा."

पहिला दिवस हात धुण्यातच गेला. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, अंगठ्याचं मूळ. सुनेला वाटलं, इतकी वर्षं आपण हात धुतच नव्हतो की काय! दुसऱ्या दिवशी बोलायला शिकवलं. पेशंटला हात लावण्याआधी आपण कोण ते सांगायचं, काय करणार ते सांगायचं, आणि विचारायचं, करू का?

"आणि तो नाही म्हणाला तर?" मागच्या बाकावरून एका ट्रकवाल्यानं विचारलं. तोही शिकायला आला होता.

"तर पुन्हा नीट समजावून सांगायचं. पोतं नाही ते, परवानगी न घेता उचलायला."

घरी गेल्यावर सासू वाटच बघत असायची. "काय शिकवलं आज?" चहाचं आधण चुलीवर आणि ती खाटेवर आडवी. "दाखव करून." दिवसभर उन्हात वाकलेल्या त्या बाईला आजारी नसताना आजारी पडायचं सुख पहिल्यांदाच मिळत होतं. सून म्हणायची, "मी तुमची सून. तुमची नाडी बघणार आहे. बघू का?"

"बघ बाई. एवढं विचारून तर माझ्या बापानं माझं लग्नही लावलं नव्हतं."

नाडी दोन बोटांनी बघायची, अंगठ्यानं नाही, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते. हे ऐकून सासू उठून बसली. स्वतःचा अंगठा तिनं उलटसुलट करून पाहिला. "इतकी वर्षं हा लबाड ठोके देतोय आणि मला पत्ता नाही!" नख दाबलं की पांढरं पडतं आणि सोडलं की रक्त परत येतं, हे कळल्यावर ती दोन दिवस येईल त्याचं नख दाबत हिंडली. पोस्टमनचंही दाबलं.

श्वासाची गोष्ट तिला सगळ्यात आवडली. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचं आणि डोळे छातीवर ठेवायचे. "म्हणजे फसवायचं," सासू खूष होऊन म्हणाली. पण एकदा कळल्यावर ती काही फसेना. सुनेनं मनगट धरलं की ती श्वासच धरून बसायची आणि तोंड लाल झालं की फसकन हसायची.

नवरा उंबऱ्यावर बसून हे बघायचा. एका संध्याकाळी त्यानं हळूच हात पुढे केला. फोडांवरची कातडी वाळून जाड झाली होती. सुनेनं मनगटावर बोटं ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण याच्या आत असं काही टकटक करतंय हे तिनं कधी शोधलं नव्हतं. ती मोजायचंच विसरली.

सगळंच काही गमतीचं नव्हतं. बेडपॅन द्यायच्या सरावाला सिस्टरनी तिलाच पलंगावर झोपवलं. अंगावर कपडे होते, चादर होती, तरी पाठीखाली गार पत्रा सरकला तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटले. खोलीत कुणीतरी खुसकन हसलं. सिस्टरनी हसणाऱ्याला उठवून तिच्या जागी झोपवलं. मग कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आळीपाळीनं पेशंट उचलायच्या लांब पाटीवर बांधून, डोकं पट्ट्यांनी जखडून ठेवलं. सून वर बघत पडून राहिली. वर पंखा, पंख्यावर जळमट, आणि मधूनमधून वाकून बघणाऱ्यांच्या नाकपुड्या. माणूस आडवा झाला की त्याच्या वाट्याला जग एवढंच येतं.

"मानेला मार लागला असेल," सिस्टर शिकवायच्या, "तर डोकं दोन्ही हातांत धरायचं आणि सोडायचं नाही. ओढायचं नाही, वळवायचं नाही, नुसतं धरायचं. कान झाकू नका, त्याला ऐकू आलं पाहिजे. आणि त्याला सांगा, मान हलवायची नाही. हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर नाही म्हणा. बोला."

सासूला हाही सराव झाला. तिचं डोकं मांडीशी धरून सून गुडघ्यावर बसायची आणि सासू पडल्या पडल्या दिवसभराची कहाणी सांगायची. सांगताना मान हलली की स्वतःच ओरडायची, "मेले गं!"

शिकवणी संपायला थोडे दिवस होते. सुट्टीचा दिवस होता. सून सकाळी भांडी घासत होती. वरच्या घराच्या बाजूनं धप्प असा आवाज झाला आणि मागोमाग चुलत सासूची किंकाळी.

घुम्या वैरणीच्या गंजीवरून पडला होता. वर चढून पेंढ्या खाली टाकत होता, पेंढी ओढताना बंद तुटला आणि तो पाठमोरा खाली आला. सून कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. तो उताणा पडला होता. डोक्यावर वैरणीचा भुसा, डोळे उघडे. चुलत दिरानं मोटारसायकल चालूच करून आणली होती. शेजारचे दोघंजण घुम्याच्या काखेत हात घालून त्याला बसवायला बघत होते. कुणीतरी म्हणत होतं, तोंडावर पाणी मारा.

"उचलू नका!" सून ओरडली. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. तो थेट सिस्टरचा होता.

हात थांबले. चुलत दीर वळला. "तू कोण सांगणार? मध्ये बसवतो, मागून एक जण धरेल. आत्ता दवाखान्यात नेतो."

"मानेला लागलं असेल तर वाटेत जातील ते. किंवा हातपाय जातील. अँब्युलन्सला फोन करा."

"आणि ती येईपर्यंत?"

"मी धरते."

"तू हात लावू नकोस त्यांना. काही झालं तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती. काही झालं तर गाव काय म्हणेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाण्यावरून भांडण, आणि म्हातारा हिच्या हातात गेला.

सुनेची अजून परीक्षा झाली नव्हती. आजवर धरलेली सगळी डोकी धडधाकट होती. ती घुम्याच्या डोक्याशी गुडघ्यावर बसली, आणि वाकून म्हणाली, "काका, मी खालच्या घरची सून. तुमच्या मानेला लागलं असेल. मी तुमचं डोकं दोन्ही हातांत धरणार आहे, हलू नये म्हणून. धरू का?"

इतक्या वर्षांत ती त्याच्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. घुम्याचे डोळे तिच्यावर आले. त्याची हनुवटी किंचित सरकायला लागली.

"मान हलवायची नाही! तोंडानं सांगा. हो की नाही?"

सगळे घुम्याकडे बघत होते. त्याचे ओठ हलले, कोरडे, भुसा चिकटलेले.

"हो," तो म्हणाला.

तिनं डोकं धरलं. केस घामानं ओले होते, कवटी तापलेली. कानांमागे बोटं, गालांवर अंगठे, कोपरं स्वतःच्या मांड्यांवर. चुलत दिरानं मोटारसायकल बंद केली आणि फोन लावला. पत्ता सांगताना तो स्वतःच्या गल्लीचं नाव चुकला.

"काका, पायाची बोटं हलवा." हलली. "हाताची?" डाव्या हाताची हलली, उजव्याची उशिरानं.

"मुंग्या येतात," घुम्या म्हणाला.

"कुठे?"

"हातात. उजव्या. मी मरतोय का?"

सिस्टरनी सांगितलं होतं, खोटं बोलायचं नाही. "श्वास चांगला चाललाय. पाय हलतायत. बाकी मला माहीत नाही. मी इथंच आहे."

ऊन चढत गेलं. तिच्या गुडघ्याखाली खडा होता, तो आधी टोचला, मग टोचेनासा झाला, मग पायच नाहीसा झाल्यासारखा वाटला. दंड थरथरायला लागले. एक माशी घुम्याच्या नाकावर बसली, उडाली, पुन्हा बसली. त्याचे डोळे माशीमागे फिरले आणि त्यांत एकदम भीती भरली. श्वास जोरात चालला. सुनेला हातांखाली मान ताठरलेली कळली. तो आता उठायला बघणार.

तेवढ्यात सासू आली. कुंपणाची फट तिच्या मानानं अरुंद होती. पदर फाटला, पण ती आली. मागून नवरा. घुम्याशी, म्हणजे आपल्या दिराशी, ती भांडण लागल्यापासून बोलली नव्हती. ती त्याच्या शेजारी मातीत बसकण मारून बसली आणि पदरानं माशी हाकलली.

"भावजी, घाबरायचं काही नाही. मी रोज झोपते अशी."

घुम्याच्या डोळ्यांनी तिला शोधलं.

"वर बघत राहायचं. आधी वाटतं नाक खाजतंय. मग कान. मग सगळंच खाजतं. ते खोटं असतं. सांगायचं, मी खाजवते. नाक खाजतंय ना?"

"हो."

तिनं नाक खाजवलं. "आता?"

"वर. अजून वर."

चुलत सासू तोंडात पदर कोंबून उभी होती, तिचा हुंदका मध्येच हसण्यात निघाला. नवऱ्यानं घरातून छत्री आणली आणि काकाच्या तोंडावर सावली धरली. थोड्या वेळानं त्यानं ती जराशी मागे कलती केली. सुनेच्या डोक्यावरही सावली आली.

अँब्युलन्स आली तेव्हा तिला आवाज ऐकू आला, पण तिनं मान वर केली नाही. उतरलेला माणूस अनुभवी होता. त्यानं एका नजरेत सगळं बघितलं. "शिकतेयस का? सिस्टरची?" तिनं हो म्हटलं. त्यानं मानेभोवती कॉलर बसवली, पाटी आणली, आणि म्हणाला, "डोकं तुझ्याकडे आहे, हुकूम तुझा. तू मोजशील तेव्हा आम्ही वळवणार."

एका बाजूला चुलत दीर, त्याच्याशेजारी नवरा, पायाशी शेजारचा. चुलत दिराच्या हाताला नवऱ्याचा हात लागत होता, दोघांपैकी कुणी काढला नाही.

"दादा, तुमचा हात कमरेवर. अजून खाली. बरोबर," सून चुलत दिराला म्हणाली. "मी तीन म्हटल्यावर. आधी नाही. काका, तुम्ही काही करायचं नाही. एक. दोन. तीन."

घुम्या एका ओंडक्यासारखा, सबंध, कुशीवर वळला. पाटी सरकली. पुन्हा तिच्या मोजण्यावर तो पाटीवर आला. पट्ट्या बांधल्यावर अँब्युलन्सवाला म्हणाला, "सोड आता." तिला सोडायचं होतं, पण बोटं उघडेनात. त्यानंच एकेक बोट सोडवलं.

गाडी गेल्यावर ती गंजीला टेकून बसली. सासूनं तिचं नख दाबलं, पांढऱ्या पडलेल्या नखात रक्त परत येताना बघितलं आणि म्हणाली, "आहेस जिवंत."

मानेच्या मणक्याला चीर होती. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी चुलत दिराला फोटो दाखवला, आणि म्हणाले, "बसवून आणलं असतं, तर कदाचित आज हे हातपाय नसते." चुलत दिरानं हे घरी येऊन आईला सांगितलं. खालच्या घरी येऊन कुणी काही सांगितलं नाही.

सुनेच्या शिकवणीत शेवटी त्याच मोठ्या दवाखान्यात वॉर्डातलं काम असायचं. तिला घुम्याचाच वॉर्ड मिळाला. घुम्या कोपऱ्यातल्या पलंगावर होता, गळ्याभोवती कडक कॉलर, नजर छताला. ती हात धुऊन गेली.

"काका, मी खालच्या घरची. आज तुमचं तोंड धुणार, पाठ पुसणार आणि चादर बदलणार. करू का?"

"दुसरं कुणी नाही का?" त्यानं विचारलं.

"आहेत. बोलावू का?"

"नको. कर."

तोंड धुताना त्यानं डोळे मिटून घेतले. तिनं आणि एका वॉर्डबॉयनं त्याला कुशीवर घेतलं, भिंतीकडे तोंड करून. पाठीची कातडी पातळ होती, मणके एकेक मोजता येत होते. डाव्या खांद्याखाली जुना, खोल वण होता.

"हे कशाचं?"

"विहिरीचं," घुम्या भिंतीला म्हणाला. "सुरुंगाचा दगड लागला. तुझ्या सासऱ्यानं पाठीवर घालून वर काढलं."

तिचा हात थांबला. घरात ही गोष्ट कुणी कधी काढली नव्हती. मग तिनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं आणि वणाच्या कडेकडेनं पुसलं.

"पाणी किती आहे विहिरीला?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत? बादली कुठपर्यंत जाते एवढंच कळतं. कुलूप तुमचं."

वॉर्डबॉयनं तिच्याकडे दचकून पाहिलं. घुम्याची पाठ हलली. आधी तिला वाटलं रडतोय, मग वाटलं खोकतोय. ते हसणं होतं, फार दिवस न वापरल्यासारखं.

"हसू नका, मान हलते," ती म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळी नवरा विहिरीवर गेला, तर मोटारीच्या खोलीचं दार उघडं होतं. चुलत दीर दारात पाठमोरा उभा होता. "दिवसाआड," तो म्हणाला, "आणि बिल अर्धं." नवऱ्यानं बरं म्हटलं. टोमॅटो केव्हाच गेले होते. नवऱ्यानं झाडं उपटून टाकली, वाफ्यांत पाणी सोडलं आणि जनावरांसाठी चारा पेरला. सासू म्हणाली, भावजींची मान मोडली म्हणून पाणी सुटलं, आता माझी तरी मोडायची वेळ येऊ नये. कुणी तिला गप्प केलं नाही.

घुम्याला पहिल्यांदा उभं करायचं ठरलं, त्या दिवशी वॉर्डात सूनच होती. कमरेला पट्टा बांधला. आधी पलंगाच्या कडेला बसवलं, चक्कर येतेय का विचारलं. "नाही," तो म्हणाला. आता तो सगळं बोलून सांगायचा, कॉलर होती म्हणून असेल. त्याची बायको खाटेशी चपला घेऊन उभी होती. एका बाजूला वॉर्डबॉय, दुसऱ्या बाजूला सून. तिनं पाठ सरळ ठेवली, गुडघे वाकवले, पट्टा धरला.

"उठू का?" घुम्यानंच विचारलं.

"उठा."

तो उठला. सगळं वजन एकदम तिच्या अंगावर आलं, मग हळूहळू त्याच्या पायांत उतरलं. पाय लटपटले आणि टिकले. सुनेनं बाजूला पाहिलं. या माणसासमोरून ती नेहमी पदर सावरून, खाली बघत गेली होती. तो पायरीवर उभा असायचा आणि ती अंगणात. आज पहिल्यांदाच दोघं एका जमिनीवर शेजारी उभे होते, आणि तो तिच्या कानापर्यंतही पोचत नव्हता.

"काय बघतेस?" घुम्या म्हणाला.

"काही नाही, काका. उजवा पाय आधी."